मधुमेहाच्या शिबिरात पायही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह तपासणी शिबिरांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर नेहमी येतात. देवळाच्या सभामंडपात टेबलं मांडलेली, बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब, मग वजन, रक्तदाब आणि शेवटी आहाराचा छापील कागद. ही शिबिरं भरवणारी मंडळी पदरमोड करून, रविवारची सुट्टी घालवून हे काम करतात, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण गेल्या महिन्यात आमच्या पंचक्रोशीतल्या अशाच एका शिबिरात मी सकाळपासून दुपारपर्यंत बसून होतो. साखर वाढलेली माणसं एकामागून एक टेबलापाशी आली, कागद घेऊन गेली. देऊळ असल्यामुळे चपला पायरीखालीच निघालेल्या होत्या. पाय उघडेच होते, तरी खाली वाकून एकाचाही तळवा कुणी बघितला नाही. त्यातल्या दोघा-तिघांच्या पायांना जखमा होत्या, हे मला बाकावरून दिसत होतं.

हे पत्र एवढ्यासाठीच आहे. मधुमेहाच्या तपासणीत पाय तपासले गेले पाहिजेत, आणि नुसती जखम आहे का एवढंच न बघता पायाला स्पर्श कळतो का हे बघितलं पाहिजे.

मी आरोग्य खात्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. देवगड, कणकवली, वैभववाडी या भागांत वाडीवाडीत फिरून अंगावरचे चट्टे बघायचे, चट्ट्यावर कळतं की नाही ते तपासायचं, नसा चाचपायच्या, औषधाची पाकिटं पोचवायची, यात नोकरी गेली. तपासणीचं साधन म्हणजे साधं बॉलपेन. समोरच्याला डोळे मिटायला सांगायचं. "टेकलं की तिथंच बोट ठेवा," एवढी सूचना. पेनाचं टोक कातडीला जेमतेम खळी पडेल इतकंच टेकवायचं. ज्याला कळतं तो न चुकता त्याच जागी बोट ठेवतो. ज्याला कळत नाही तो डोळे मिटून शांत बसून राहतो, आणि आपण चार ठिकाणी पेन टेकवून झाल्यावर विचारतो, "कधी सुरू करताय?" हा प्रश्न ऐकला की दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडायचा.

कुष्ठरोगात बोटं झडून पडतात, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. रोग बोटं खात नाही. त्याचे जंतू चेतातंतूंवर हल्ला करतात, बधिरता येते, आणि पुढची नासधूस बधिर हातापायांना रोजच्या कामात होणाऱ्या जखमा करतात. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट जगाला पटवून दिली. पुढे ते अमेरिकेत लुईझियाना राज्यातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांनाही हेच लागू पडतं, हे त्यांनी तिथे ठामपणे मांडलं. म्हणूनच कुष्ठरोगाचं काम केलेला माझ्यासारखा माणूस मधुमेहाच्या शिबिरात नकळत लोकांच्या पायांकडे बघत बसतो.

दुखणं आपलं किती काम करत असतं, हे ते चालू आहे तोवर लक्षात येत नाही. ओहोटीला खाडीत कालवं काढायला उतरलेल्या बाईचा पाय कालवाच्या धारेवर पडला, तर "आई गं" तोंडातून निघायच्या आधी पाय वर आलेला असतो. त्या एवढ्याशा वेळात आत काय घडतं ते बघा. तळव्याच्या कातडीत चेतातंतूंची उघडी टोकं पसरलेली असतात. कातडीला इजा होईल इतका दाब, भाजेल इतकी उष्णता, किंवा दुखावलेल्या पेशींतून झिरपणारी रसायनं यांनी ती जागी होतात. तिथून निघालेला विजेचा संदेश पोटरी, मांडी करत पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत शिरतो. मेरुरज्जू माकडहाडापर्यंत येत नाही, मोठ्या माणसात तो कमरेच्या वरच संपतो. म्हणजे तळव्यापासून तिथवरची वाट साधारण मीटरभर, आणि ती सगळी वाट एकच चेतापेशी आपल्या एका सलग तंतूने जोडते. मीटरभर लांबीची, डोळ्याला न दिसणाऱ्या जाडीची एक पेशी! एवढी वर्षं हे काम केलं, तरी या गोष्टीचं नवल माझ्या मनातून गेलेलं नाही.

मेरुरज्जूत हा संदेश मधल्या पेशींमार्फत प्रेरक चेतापेशींना मिळतो. त्या मांडीच्या आणि घोट्याच्या स्नायूंना हुकूम देतात आणि पाय उचलला जातो. मेंदूला वर्दी जातेच, पण ती पोचेस्तोवर इथला निर्णय झालेला असतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. शाळेच्या पुस्तकात तिची आकृती असते, गरम भांड्याला लागलेला हात आणि दोन-तीन बाण. पण त्या आकृतीत एक गोष्ट सहसा नसते. कालवावर पडलेला पाय उचलला जातो त्याच क्षणी दुसऱ्या पायाचे स्नायू ताठ होतात. सगळा भार आता त्या एकट्या पायावर येणार असतो. तो ढिला राहिला तर बाई टोपलीसकट चिखलात पडेल. म्हणून मेरुरज्जूतल्या मेरुरज्जूतच संदेश पलीकडच्या बाजूला जातो आणि तो पाय भार घ्यायला तयार होतो. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात अशा क्रियांचा बारकाईने माग काढला. मेंदूशी संबंध तोडलेल्या प्राण्यांचा पायही टोचल्यावर मागे येत असे, म्हणजे हे काम मेरुरज्जू स्वतःच्या बळावर करतो. १९३२ साली शेरिंग्टन आणि एडगर एड्रियन या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं.

त्यानंतर दुखतं, आणि तेही दोनदा. ज्याला अंगठ्याला जोरात ठेच लागली आहे त्याने आठवून बघावं. पहिली कळ तीव्र, टोचल्यासारखी, लगेच येते. साधारण सेकंदभर थांबून दुसरी येते, ठणकणारी, जळजळणारी, रेंगाळणारी. कळ वाहून नेणारे तंतू दोन जातींचे असतात, त्यामुळे असं होतं. एका जातीवर पातळ स्निग्ध वेष्टन असतं, त्यातून संदेश सेकंदाला पाच ते तीस मीटर धावतो. दुसरीवर ते नसतं, तिथे वेग सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर. हातापेक्षा पायाच्या ठेचेत हे अंतर जास्त जाणवतं, कारण पायाची वाट लांब.

पहिली कळ पाय उचलायला मदत करते, हे सगळ्यांना पटतं. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या कळेबद्दल. जखमेच्या आसपासची टोकं सुजेतल्या रसायनांनी अधिकच हळवी होतात, एरवी जाणवणार नाही असा स्पर्शही तिथे बोचतो, आणि माणूस लंगडायला लागतो. टाच दुखत असेल तर चवड्यावर चालतो, चवडा दुखत असेल तर पाय बाहेरच्या कडेवर टाकतो. हे तो ठरवून करत नाही. धडधाकट माणूससुद्धा दूरवर चालला की तळव्याचा एक भाग हुळहुळायच्या बेताला येताच नकळत चाल बदलतो, भार दुसरीकडे नेतो. बधिर पाय तसं करत नाही. तो पहिल्या पावलाला जसा पडला तसाच हजाराव्या पावलाला पडतो, त्याच हाडाखाली, त्याच जागी. आतलं मांस चेचत जातं, वर घट्टा पडतो, घट्ट्याखाली पाणी धरतं, आणि एक दिवस तो फुटून व्रण होतो. खिळा किंवा काच लागायलाच हवी असं नाही. रोजचं चालणंही त्या पायाला जखम करतं. लंगडणाऱ्या माणसाला आपण "जपून" म्हणतो. मला काळजी वाटते ती तळव्याला भोक पडलेलं असताना ऐटीत चालत येणाऱ्या माणसाची.

कळेखेरीज इतर संवेदनांची ग्राही टोकं वेगळी असतात. हलक्या स्पर्शाची वेगळी, दाबाची आणि कडांची वेगळी, कातडी ताणल्याची वेगळी, थरथरीची तर कातडीच्या खोल थरात. यांतली काही टोकं बदल झाला की बोलतात आणि मग गप्प होतात. पायात चप्पल सरकवताना तिचा अंगठा जाणवतो, थोड्या वेळाने चप्पल घातल्याचं भानही राहत नाही, ते यामुळेच. दुखण्याची टोकं अशी सहज गप्प होत नाहीत, आणि हे आपलं भाग्यच आहे. शेरिंग्टनबरोबर ज्यांचा सन्मान झाला त्या एड्रियन यांनी एकेका तंतूतले संदेश मोजून दाखवलं की आघात वाढला म्हणून संदेश मोठा होत नाही, एकाच मापाचे संदेश अधिक लागोपाठ येतात.

उष्णतेचं तर आपल्या घरातलंच उदाहरण आहे. उन्हाळ्यात मालवणी मसाल्यासाठी मिरच्यांची देठं काढणाऱ्या बायकांचे हात विस्तवाजवळ न जाताही रात्रभर भगभगतात. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली यामागचं कारण शोधलं. चेतातंतूच्या टोकावर एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही-१ नावाचं. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे ते उघडतं आणि भाजल्याची वर्दी देतं. मिरचीतल्या कॅप्सेसिननेही नेमकं तेच प्रथिन उघडतं, म्हणून मेंदूला दोन्ही सारखंच वाटतं. अर्डेम पॅटापुटियन यांनी २०१० साली दाबाने उघडणारी पिएझो नावाची प्रथिनं शोधली, आणि २०२१ साली या दोघांना नोबेल मिळालं. हे मी शिबिरवाल्या तरुण कार्यकर्त्यांसाठी मुद्दाम लिहितोय. पायाला "कळतं" म्हणजे कातडीतल्या अशा असंख्य दारांची ये-जा सुरळीत असणं आणि तिथून निघालेली मीटरभर लांबीची तार शाबूत असणं.

मधुमेहात ही तारच झिजते. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की चेतातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होते. सगळ्यात लांब तंतू आधी कमी पडतात. विजेच्या लाइनीवर शेवटच्या घराला जसा आधी दाब कमी पडतो, तसं पायाच्या बोटांचं होतं. म्हणून सुरुवात बोटांपासून, मग तळवा, मग घोटा, दोन्ही पायांना साधारण सारखीच, मोजा चढवल्यासारखी. बधिरता गुडघ्याच्या आसपास पोचते तेव्हा हाताच्या बोटांना सुरुवात झालेली असते. दारू आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही असं होऊ शकतं. कारण कुठलं ते डॉक्टरांनी ठरवायचं.

यात एक टप्पा फसवा आहे आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. सुरुवातीला पुष्कळांना रात्री तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, पांघरुणाचा स्पर्श नको होतो. माणूस तळव्यांना खोबरेल चोळतो, ओल्या फरशीवर पाय ठेवतो, कुणाकुणाला विचारतो. काही वर्षांनी आग आपोआप थांबते. घरचे म्हणतात, बरं झालं, सुटलात. साखर आटोक्यात नसताना आग थांबली, तर ती थांबण्याचं कारण बहुधा तंतू बरे झाले हे नसतं, ते निकामी झाले हे असतं. त्या दिवसापासून पायाला कुणी राखणदार उरत नाही. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका वयनींना मी पाय दाखवा म्हटलं, तर म्हणाल्या, "दुखणा नाय, तर बघूचा कित्याक?" दुखत नाही म्हणूनच बघायचं, हे त्यांना पटायला बराच वेळ लागला. पटल्यावर मात्र त्यांनी सुनेला आणि जावेलाही माझ्यासमोर आणून बसवलं.

होड्या वर ओढायच्या दिवसांत एक साठीचे मच्छीमार काका माझ्याकडे दुसऱ्याच एका कागदाच्या कामासाठी आले होते. पायात गमबूट. आत येताना त्यांनी ते पडवीत काढले आणि लादीवरून चार पावलं चालत आले. उजव्या पावलाचा प्रत्येक ठसा ओलसर, कडेला लालसर उमटला. मी त्यांना बाकावर बसवून पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यात खोल खड्डा, कडेची कातडी पांढरी, भिजून फुगलेली, आणि वास. बूट उपडा केला तर जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी लादीवर पडली. पहाटे बूट घातल्यापासून ती त्यांच्या तळव्याखाली होती. काका मला म्हणाले, "ही कुठून आली?" त्यांच्या आवाजात कळ नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. खड्डा मात्र त्या एका दिवसाचा नव्हता, आधीच पडलेल्या व्रणावर गोळीने भर घातली होती. मुलगा सोबत होता. त्याने खिशातून वडिलांची वही काढून दाखवली, दर महिन्याच्या साखरेची नोंद, एकही महिना चुकलेला नाही. इतकी काळजी घेणारं घर! पण पाय बघायला हवेत, हे त्यांना कुठल्याही तपासणीत कुणी सांगितलेलं नव्हतं. जंतूंची लागण हाडापर्यंत गेली होती. पुढे दोन बोटं काढावी लागली. काका आज चालतात, पण समुद्रावर जाणं बंद झालं.

स्पर्शाबरोबर आणखी एक जाणीव हळूच जाते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपला पाय कुठे आहे, घोटा किती वाकला आहे, हे न बघता आपल्याला कळतं, कारण स्नायूंत आणि सांध्यांत त्याचीही ग्राही टोकं आहेत. ती निकामी झाली की डोळ्यांवर सगळी भिस्त राहते. सकाळी चेहऱ्यावर पाणी मारताना डोळे मिटले आणि तोल गेला, असं कुणी सांगितलं तर ते "वयामुळे" म्हणून सोडू नये. पावसाळ्यात वीज गेली की साकवावर, बांधावर, पायरीवर पडणारी म्हातारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांचे घोटे तपासले तर तिथे हातोडीने होणारी प्रतिक्षिप्त हालचाल नसते. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात ती सगळ्यांना माहीत आहे. टाचेच्या वरच्या शिरेवर मारली की पंजा खाली झटकतो, ती तपासणी मधुमेह्यासाठी अधिक मोलाची, कारण तिथले तंतू गुडघ्याच्या तंतूंपेक्षा लांबचे.

आणि आपलं कोकण म्हणजे अनवाणी पायांचा मुलूख. घरात चप्पल नाही, अंगणात नाही, देवळात नाही. लावणीला दिवसभर चिखलात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. शिमग्याला पालखीमागे तापलेल्या कातळावरून, जांभ्याच्या धारदार खड्यांवरून. यातलं काही सोडा, असं मी म्हणणार नाही. पण ज्याचा पाय बधिर आहे त्याने पालखीला जाड मोजे तरी घालावेत, त्याने देव रागावत नाही. भेगांत बिब्बा भरणं मात्र अशा माणसाने अजिबात करू नये. बिब्ब्याने कातडी भाजते, एरवी चटका बसला की आपण थांबतो, बधिर टाच थांबवत नाही. कुरूप ब्लेडने कापणंही तसंच. पावसात गारठलेले पाय चुलाणाच्या कढत पाण्यात घालणं, आगटीशी शेकणं, यांतून झालेले पाण्याने भरलेले फोड मी पाहिले आहेत. पाणी किती कढत आहे ते पायाने बघू नका. कोपर बुडवून बघा, नाहीतर घरातल्या धाकट्याला बघायला सांगा.

शिबिरात पाय तपासायला काही मोठं लागत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी रूढ केलेली एक तपासणी तर नुसत्या बोटाने होते. माणसाने आडवं पडून किंवा पाय पसरून डोळे मिटायचे. तपासणाऱ्याने तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, दोन्ही पायांना, एकेक सेकंद-दोन सेकंद हलकेच टेकवायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही, एका जागी दुसऱ्यांदा टेकवायचं नाही. स्पर्श कळला की त्याने "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही, तर त्या पायाला धोका आहे असं धरून डॉक्टरांकडे पाठवायचं. हे घरातली सूनसुद्धा सासऱ्यांचं करू शकते. डॉक्टरांकडे याहून पक्की साधनं असतात. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, १२८ कंपनांचा नादकाटा, घोट्याची हातोडी, आणि पावलावरची नाडी बघायला बोटं. प्रत्येक मधुमेह्याची ही तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. बधिरता आढळलेल्यांची त्याहून लवकर लवकर.

घरी करायचं तेही फार नाही. रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बेचकी बघायची. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यात बघायचं. नजर अधू असेल तर नातवाला बघायला सांगायचं. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. खोबरेल टाचेला लावा, बेचक्यांत नको, तिथे ओल राहते. तळव्यावर नवा घट्टा, लाली, पाणी धरलेली जागा दिसली तर दुखायची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे माझं एक मागणं आहे. कुष्ठरोगाच्या कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णाला एमसीआरच्या, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला मोफत मिळतात. त्या चपलांनी किती पाय वाचले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला तीच चप्पल तितकीच लागू पडते, पण त्या माणसाला ती कुणी देत नाही. रोग वेगळा असला तरी पाय तोच आहे. उपकेंद्रात दर महिन्याला साखरेच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्यांचे पाय तपासून, ज्यांना कळत नाही त्यांना त्या चपला द्याव्यात. बोटाची तपासणी आशाताईंना एका दुपारी शिकवता येईल. हेच शिक्षण त्यांना न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा ओळखायलाही उपयोगी पडेल, कारण कुष्ठरोग अजून संपलेला नाही आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांना विनंती अशी, की रक्ताच्या टेबलाशेजारी एक बाकडं पायांसाठी ठेवा. आपण बातमी छापाल तेव्हा किती जणांची साखर तपासली याबरोबर किती जणांचे पाय तपासले हेही विचारून छापा, म्हणजे पुढचं मंडळ ते आपण होऊन करील. देवगड-कणकवली भागात कुणी शिबिर घेत असेल आणि शिकवायला माणूस हवा असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. मी येईन, मानधन नको. तपासायला आलेल्यांसाठी एक बाकडं आणि मला त्यांच्या पायाशी बसायला एक पाट, एवढीच सोय करावी.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग